ज्वारी की हरभरा

त्या वर्षी आमच्या घरात कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. दुकानात अनोळखी गिऱ्हाईक आलं की अप्पा आधी त्याच्या पायांकडं बघायचे आणि मग तोंडाकडं. पायताण गावच्या चांभाराचं आहे की शहरातलं, धूळ कुठल्या रस्त्याची आहे, हे सगळं बघून झालं की मग गोड आवाजात, "काय देऊ बाबा?" अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. ताडकळसच्या बाजारात पुढं आमचं किराण्याचं दुकान, मागं घर, आणि मधे फक्त गोणपाटाचा पडदा. त्या पडद्याच्या अलीकडं बसून आम्ही बायका दुकानातलं अक्षर न् अक्षर ऐकायचो. एक माणूस रोज एक बिडी घ्यायला यायचा. एकच. तिथंच फळीवर बसून ओढायचा, आणि ओढून झाली तरी उठायचा नाही. आम्ही ठरवून टाकलं, हा खबऱ्या. आज वाटतं, बिचाऱ्याला दुसऱ्या बिडीची ऐपत नसेल किंवा घरी बायको कजाग असेल. पण तेव्हा तो आला की माय तोंडावर बोट ठेवायची आणि आम्ही पोरंसुद्धा खोकला गिळायचो.

राज्य निजामाचं होतं, पण ते राहतंय की जातंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हद्दीपलीकडं देश स्वतंत्र झालेला, आम्ही अलीकडं. खाकी कपडे घालून, बंदुका-भाले घेऊन हिंडणाऱ्या टोळ्या आज झरीकडं दिसल्या, काल राणीसावरगावात शिरल्या, अशा बातम्या बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाटीबरोबर घरात यायच्या. त्यातली खरी किती, खोटी किती, देव जाणे. माय सकाळी भाकरी थापायला बसली की मधेच हात थांबवायची. थप थप थप, आणि एकदम गप्प. कान रस्त्याकडं. काही नाही असं वाटलं की पुन्हा थप थप. तिच्या भाकरी त्या दिवसांत एका बाजूला जाड व्हायच्या आणि दादा, म्हणजे माझे वडील, न बोलता खायचे. तसे ते सगळंच न बोलता करायचे.

शिवाकाका हे सगळ्यांत धाकटे. नांदेडला शिकले, पुढं शिकायला परभणीला राहिले, आणि शाळा बंद पडल्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आले. शेतात जायचा त्यांना कंटाळा आणि दुकानात बसायची लाज. शेवटी अप्पांनी त्यांना आत, पडद्यामागं, पुड्या बांधायला बसवलं. तिथंच सगळा घोळ झाला. पुड्यांना रद्दी लागायची, ती मालाला गुंडाळून कुठून कुठून यायची. उर्दू कागद असला तर चिंता नव्हती. पण पलीकडचं मराठी वर्तमानपत्र गिऱ्हाइकाच्या हातात गेलं आणि ते भलत्याच्या नजरेला पडलं तर मग संपलंच. म्हणून अप्पांचा हुकूम होता, मराठी कागद थेट चुलीत. काका ते चुलीत घालायचे, पण वाचून. महिना-दोन महिन्यांपूर्वीची बातमी, तीही निम्मी फाटलेली, आणि उरलेल्या निम्म्यावर गूळ सांडलेला. त्या तुकड्यांवरून काकांना कळलं, की दिल्लीत एक सभा बसली आहे आणि ती देशाचा कायदा लिहिते आहे. झालं! पोराला नवीन शिट्टी मिळावी तसं ते दिवसभर तेच वाजवायचे.

"राजा लिहीत न्हाई, गोरा साहेब लिहीत न्हाई. आपलीच माणसं लिहायलेत," काका म्हणाले. दुपारची जेवणं चालली होती, अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या.

"आन त्यांला तिथं कुणी बसवलं?" अप्पांनी विचारलं.

"लोकांनी निवडलेल्या माणसांनी."

"तू निवडलंस? म्या निवडलं? मग आपली कशी काय?"

"आपला मुलूख अजून त्यात न्हाई, अप्पा. आपल्याकडचं कुणी तिथं बसलेलंच न्हाई."

"म्हंजे आपल्या ताटात काय वाढायचं ते दुसरेच ठरवायलेत. लय भारी!" अप्पांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. अप्पांचा संशय काही खुळा नव्हता, हे मला आता कळतं. कायदा लिहिणाऱ्याला आधी विचारावंच, की बाबा रे, तुला पाटावर बसवलं कुणी.

काका सांगत राहिले, की एकेका ओळीवर तिथं दिवस दिवस वाद घालतात. चुलीजवळून गिरजाआत्या बोलली, "दिवस दिवस? मग त्यांचा सैपाक कोन करायलंय?" ही माझ्या वडिलांची बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली, जीभ विळीसारखी. मग तिनं विचारलं, "बाया हायत का रं त्या सभेत?"

"हायत की."

"बोलू देतेत का नुस्त्या बसवून ठिवल्यात?"

"बोलतेत म्हनं."

"म्हनं!" आत्या म्हणाली आणि तिनं फुंकणीनं चूल अशी फुंकली की राख काकांच्या ताटापर्यंत आली.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो मतावरून. मोठ्या झालेल्या प्रत्येक माणसाला एकच मत, बाई असो का गडी, मालक असो का सालदार, असं त्या सभेत ठरत आहे म्हणून काका सांगायचे. अंगणात आमचा सालदार कोंडी दोर वळत बसला होता. अप्पांनी त्याला हाक मारली, "काय रं कोंड्या, माझं एक आन तुझं बी एक. घेतोस का?" कोंडीनं वर न बघता उत्तर दिलं, "मला नगं मालक. माझं मत तुमच्या इरुद्ध गेलं तर पुढच्या पाडव्याला मला सालानं ठिवील कोन?" अप्पा पोट धरून हसले. काका मात्र हसले नाहीत, आणि हात धुऊन उठून गेले.

आणि मग माझं स्थळ आलं. मोठ्या मायचा, म्हणजे अप्पांच्या बायकोचा भाऊ ते घेऊन आला. हद्दीपलीकडं, वाशीमच्या अंगाला राहणारे लोक, सरकीचा व्यापार, आपल्यातलेच, गळ्यात लिंग असणारे. नवरा बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मागं एक पोरगं. मला तेरावं लागलं होतं. त्या दिवसांत असली लग्नं धडाधड लागत होती. पोरगी मोठी दिसायला लागली की आई-बापांच्या पोटात गोळा, आणि पलीकडचं कुठलंही स्थळ म्हणजे सोन्याचं. कुणी फार विचारपूस करत नव्हतं. रात्रीतून गाडी जुंपायची, हद्द ओलांडायची, तिकडं चार अक्षता टाकायच्या आणि मोकळं व्हायचं. अप्पांनी पाहुण्यांना "बघू" म्हटलं, पण त्यांचं "बघू" म्हणजे "हो" असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मला कुणी काही सांगितलं नाही. पण मोठ्या मायनं भाकरीवर तूप जास्त वाढलं आणि मी ओळखलं. एरवी तिच्या हातून तुपाचा थेंब सुटायला मुहूर्त लागायचा. मी बोलणं ऐकायला दारामागं उभी राहिले की बोलणं बंद. आत्या माझ्याकडं बघून उगाच उसासे टाकायची. माय माझ्याकडं बघायचीच नाही. मला वाटायचं, माय माझ्या बाजूची आहे, पण तिला कोण विचारतंय. हे मी इतकं धरून चालले होते, की रात्री झोपताना तिचा पदर मुठीत घट्ट पकडून ठेवायची, जणू काही तीच मला ओढून नेणाऱ्यांपासून वाचवणार होती.

भांडण काकांनी काढलं. "दिल्लीत सालदाराला बी इचारणार, आन आपन घरच्या पोरीला गुरासारखं दावनीतून सोडून देनार?" अप्पा म्हणाले, "घर म्हंजे तुझी दिल्लीची सभा न्हाई." काका म्हणाले, "मग एकदा होऊन जाऊ द्या." आणि नवल म्हणजे अप्पा कबूल झाले. ते का कबूल झाले हे सांगायला फार डोकं नको. मोठी माय त्यांच्या शब्दाबाहेर नाही, दादा त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, माय दादांच्या शब्दाबाहेर नाही. एकटा शिवा तोंडघशी पडेल आणि ती दिल्ली एकदाची घरातून जाईल, असा त्यांचा हिशेब.

काकांनी मोठ्या ऐटीत मतदार मोजले. अप्पा, मोठी माय, दादा, माय आणि ते स्वतः. आत्या चुलीसमोर बसल्या जागेवरून म्हणाली, "आन मी काय उखळ हाय का?" काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढा दिल्लीचा कायदा पाठ, आणि रोज हातावर भाकरी ठेवणारी बहीण विसरले! आत्याला मत मिळालं. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "गंगीचं काय?" गंगी म्हणजे मी.

"ती लहान हाय," अप्पा म्हणाले. काकाही चाचरत म्हणाले, की तिकडं मोठ्या माणसांनाच मत आहे.

"लहान हाय, तर लगीन कसं लावायलाव? लग्नाला मोठी आन मताला लहान, आसं कुठं आसतंय का?"

दादा त्या वेळी पहिल्यांदा बोलले. "देऊन टाका तिला," एवढंच. मत द्या म्हणाले की नवऱ्याला देऊन टाका म्हणाले, मला क्षणभर कळेना. पण अप्पांनी मान हलवली. मला मत मिळालं.

आता ते काकांनी रचलेलं प्रकरण. कोठीच्या खोलीत गाडगं ठेवलं, तोंडाला फडकं बांधून त्याला बोटभर भोक पाडलं. प्रत्येकाच्या हातात एक ज्वारीचा दाणा आणि एक हरभऱ्याचा. पोरगी द्यायची तर ज्वारी टाकायची, नाही द्यायची तर हरभरा. एकेकानं आत जायचं आणि दार लोटून घ्यायचं. उरलेल्या दाण्याचं काय करायचं? तो कुणाच्या हातात दिसला तर गुपित फुटलं. म्हणून काकांनी नियम केला, उरलेला दाणा आतच चावून खाऊन टाकायचा. स्वतःच्या या हुशारीवर ते इतके खूश होते, की मिशीवरून हात फिरवत दाराशी उभे राहिले. दुपारची वेळ. दुकानाच्या फळ्या लावलेल्या. रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं, आणि आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलेलो, एकमेकांकडं चोरून बघत.

थोरले म्हणून अप्पा आधी गेले आणि लगेच बाहेर आले. त्यांच्यानंतर मोठी माय गेली. आणि आतून आवाज आला. कट्ट!

वाळलेला हरभरा दाताखाली फुटला की केवढा वाजतो, हे भरल्या घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या शांततेत तो बाहेर ओट्यापर्यंत ऐकू गेला असता. हरभरा खाल्ला, म्हणजे गाडग्यात ज्वारी पडली. मोठ्या मायचं मत आम्हा सगळ्यांना तिथल्या तिथं कळलं. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. दिल्लीतल्या शहाण्यांकडून असली चूक झाली नसती, कारण त्यांनी कुणाला मतपत्रिका खायला लावली नसती. अप्पांनी हळूच मान डोलावली, आणि आता प्रत्येकाचे कान उभे राहिले. अप्पा आत असताना आवाज आला नव्हता, पण त्यांच्या तोंडात दाढाच नव्हत्या, तेव्हा त्यांनी दाणा गिळला असेल असं समजून कुणी त्याचा विचार केला नाही.

मग दादा गेले. आत गेल्याबरोबर ते खोकायला लागले. असे खोकले, असे खोकले, की घशात काय अडकलंय म्हणून आत्या उठून उभी राहिली. माझ्या बापाला आयुष्यात एवढा खोकला मी कधी ऐकला नव्हता. बाहेर आले ते डोळे पुसत, आणि जाऊन जागेवर बसले. अप्पा त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले. काका गेले आणि मुद्दाम ज्वारी चघळत बाहेर आले. आत्या गेली, आवाज नाही.

मग माय उठली. पदर डोक्यावरून घेतला, दार लोटलं. मी दाराला खेटूनच बसले होते. ती खोकली नाही, पाय वाजवला नाही, काही नाही. कट्ट. स्वच्छ ऐकू आलं. बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडं बघितलं आणि तिनंही माझ्याकडं बघितलं, किती दिवसांनी. त्या खाकीवाल्यांची कधी वाटली नव्हती एवढी भीती मला तिची वाटली. मी आत गेले, हरभरा भोकातून ढकलला, दोनदा बोट घालून बघितलं की पडला का, आणि ज्वारी खाल्ली. ती कडू लागली म्हणून सांगायचा मोह होतो, पण कडू कशाला लागेल, ज्वारीसारखीच लागली.

काकांनी गाडगं सुपात पालथं केलं. चार हरभरे, तीन ज्वारी.

"पुन्यांदा मोज," अप्पा म्हणाले. काकांनी बोटानं एकेक दाणा बाजूला सारला. तेवढेच. "कुनीतरी दोन टाकल्यात." "एकून सातच हायत, अप्पा," काका म्हणाले. मग जे सुरू झालं ते सांगायला नको. अप्पा एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागले, जसं दुकानात गिऱ्हाइकाच्या पायताणाकडं बघायचे. शिवा, गिरजी, पोरगी, हे तीन तर उघड होते. चौथा कोण? त्यांची नजर दादांवर येऊन थांबली. दादा जमिनीकडं बघत होते. "घरातच खबरे निघाले," अप्पा म्हणाले. "बेल आना."

आमच्या घरात बेल म्हणजे शेवटचा शब्द. देव्हाऱ्यातल्या महादेवावरचा बेल हातात घेऊन कुणी खोटं बोललेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. अप्पांचं म्हणणं, एकेकानं बेल उचलायचा आणि काय टाकलं ते सांगायचं. काका मधे आडवे झाले, "तसं करायचं न्हाई, अप्पा. गुपचूप म्हंजे गुपचूप." अप्पा ओरडले, "देवाफुडं कसलं गुपचूप?" याचं उत्तर असलेला रद्दीतला कागद बहुतेक फाटका असावा.

उत्तर आलं मोठ्या मायकडून. ती अप्पांसमोर कधी मान वर करून बोललेली मी बघितली नव्हती. तिनं स्वतः देव्हाऱ्यातून बेल आणला, तबकात ठेवला आणि तबक अप्पांसमोर धरलं. "उचलू की. टाकताना थोरल्यापासून टाकलं. आता बी थोरल्यापासूनच होऊ द्या."

अप्पांनी बेल उचलला. तळहातावर घेऊन उभे राहिले. दादांनी मान वर केली. किती वेळ गेला माहीत नाही, मला फार वाटला. मग अप्पांनी तो बेल होता तसा पुन्हा तबकात ठेवला. "पाव्हन्याला निरोप धाडा. पोरगी अजून लहान हाय म्हनावं," असं म्हणून ते पडदा सारून पुढं गेले, आणि दुकानाच्या फळ्या काढल्याचा आवाज आला.

चौथा हरभरा अप्पांचा की दादांचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोघंही गेले, आणि दोघांनाही मी विचारलं नाही. कधी वाटतं अप्पांचाच, म्हणून बेल हातात जड झाला. कधी वाटतं, बेल घरभर फिरला तर उद्या एका ताटात जेवायचं कसं, हे त्यांना त्या उभ्या क्षणात उमगलं. पुढं पलीकडचं लष्कर आलं, हद्दीवरचे नाके उठले, दिल्लीचा तो कायदा लिहून पुरा झाला आणि आम्हालाही लागू झाला. मी अनेकदा मतं दिली. पेटीपाशी उभी राहिले की आधी आजूबाजूला कान देते, ही खोड काही गेली नाही.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ना अप्पा होते ना दिल्ली. मला मायचा राग आला होता. संध्याकाळी ती भाकरी करायला बसली. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तू ज्वारी टाकलीस."

"टाकली," माय म्हणाली. पिठाचा गोळा मळत होती, हात थांबला नाही.

"मला नव्हतं जायचं. तुला ठाव नव्हतं?"

"ठाव व्हतं."

"मग?"

"हितं रोज जीव मुठीत धरून बसायचं. तू तिकडं गेली असतीस तर जिती ऱ्हायली असतीस. बिजवर का असंना." मी रडत होते. मी म्हणाले, निदान माझ्या मनासारखं तरी टाकायचंस, तू तर माझी माय आहेस.

तेव्हा तिनं हात थांबवला. "मला ह्या घरात दिलं तवा कुनी इचारलं न्हवतं, गंगे. आल्यापून बी कुनी कशाचं इचारलं न्हाई. आज पयल्यांदा इचारलं, तर म्या मला वाटलं ते टाकलं. ते बी तुझ्या मनानं टाकायचं म्हनलं, तर मग माझं कोन्तं?"

तिनं गोळा परातीत ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.